पोचली असती

खानापुरात, कौलांच्या भट्टीमागचं मैदान.
खांब निलगिरीचे, आडवा बांबू सुंभानं बांधलेला,
रेषा चुन्याच्या. सकाळी मीच मारल्या,
दुपारपर्यंत तांबड्या मातीनं निम्म्या खाल्ल्या.

शाळेत मी मराठी शिकवतो, आठवी ते दहावी.
रविवारी शिट्टी.

फायनल. आमच्या पोरी पंधरा, बैलहोंगलच्या दहा.
शेवटचं मिनिट, आणि नीलव्वा अंगडी
डाव्या कडेनं सुटली.
सुटलेली बस गाठायला धाकट्या भावाला काखोटीला मारून पळावं
तसा तिनं चेंडू धरलेला.
गोलरेषा चार पावलांवर.
तेवढ्यात प्रणाली घाडी,
माझ्याच वर्गातली, तिसऱ्या बाकावरची,
मागून आली आणि हात टाकला.
खांद्याखाली नव्हे. गळ्यात.
नीलव्वा पाठीवर आदळली,
चेंडू घरंगळत माझ्या बुटाशी आला.

शिट्टी वाजवली. ते सोपं असतं.

लोकांना वाटतं, पंचानं घडलेल्यावर बोलावं.
नियम म्हणतो: फाउल करणारीला पुसून टाक,
डस्टरनं फळा पुसावा तशी.
तिचा हात, तिचे पाय, तिची धाव,
ती मैदानात आलीच नव्हती असं धर.
आता बघ. ट्राय झाला असता का?
छातीठोक नको. बहुतेक म्हणता आलं तरी पुरे.
बहुतेक असेल तर खांबांच्या मधोमध जा, हात वर कर
आणि सात गुण दे,
जमिनीला न टेकलेल्या चेंडूचे.

मी पुसलं.
उजवीकडून ज्योत्स्ना बेळगुंदकर येत होती.
तिला पुसायचं नाही, तिनं काही केलेलं नाही.
ती सहा पावलं लांब, दमलेली,
एक बूट मध्यंतरापासून आ वासलेला.
नीलव्वाला चारच पावलं, तीही उताराची;
मलप्रभेकडं हे मैदान जरा कलतं,
चेंडू हरवला की पोरी आधी तिकडंच बघतात.

कडेला आमच्या पोरींचे मामा,
'नुसती पेनल्टी द्या सर, नुसती पेनल्टी!'
बैलहोंगलचे पी.टी. मास्तर मात्र एकच शब्द पुन्हा पुन्हा,
मोठ्यानंही नाही:
'आक्कित्त्री सर, आक्कित्त्री.'
झालं असतं, सर. झालं असतं.

आमच्या भागात ह्या एका क्रियापदापायी
तीन पिढ्यांनी चहा गार केलाय.
रेषा इकडून गेली असती तर.
गाव तिकडं पडलं असतं तर.
माझे वडील दर नोव्हेंबरला काळी फीत इस्त्री करून ठेवायचे.
आणि मी सोमवारी फळ्यावर लिहितो, संकेतार्थ:
वेळेवर निघालो असतो तर गाडी मिळाली असती.
पोरी उतरवून घेतात.
कुठली गाडी, कुणी विचारत नाही.

हुक्केरीत एकदा मी नुसती पेनल्टी दिली होती.
शंका होती, म्हणालो.
शंका नव्हती. गर्दी होती.

खांबांच्या मधोमध चालत गेलो. हात वर.
प्रणालीला पिवळं कार्ड.
सतरा–पंधरा. खेळ खलास.

मामा काय म्हणाले ते इथं लिहीत नाही.
कुणीतरी माझ्या मोटारसायकलची हवा सोडली,
मागच्या चाकाची. पुढच्याची राहिली,
घाईत असतील.

गाडी ढकलत निघालो तर ती पुढं चाललेली,
बूट हातात, मोज्यांवरच.
थांबली. गाडीकडं बघत म्हणाली,
'सर, मी धरलो नसतो तर ती पोचली असती.'

धरलो नव्हे, धरलं.
वहीत मी ह्याखाली लाल रेघ मारतो.
तिथं मारली नाही.
'आणि ज्योत्स्ना? ती आडवी आली नसती?'
'ज्योत्स्ना? तिचा बूट फाटलेला की हो सर.'

मग तिनं कॅरियरला हात लावला.
रेल्वे फाटकाच्या चढापर्यंत
दोघांनी ढकलली.
फाटक बंद होतं.