तिसरी हाक

केमी गावात डिसेंबरात दुपारी दोनलाच दिवे लावतात.
लाकडाच्या कारखान्यामागे आमची प्रयोगशाळा,
तिथे एक पिवळा यांत्रिक हात
बर्चच्या पातळ फळ्या उचलून वेगळ्या करतो.
म्हणजे करायचा. सोमवारपर्यंत.

सोमवारी संगणक बदलला.
मंगळवारी पडद्यावर सगळं होतं तसंच:
चौकटी, चौकटींना जोडणाऱ्या रंगीत तारा,
निळी पूर्णांकाची, केशरी अपूर्णांकाची,
फक्त वरच्या कोपऱ्यातला ‘चालव’चा बाण
मधोमध तुटलेला,
आणि खाली एक ओळ:
लायब्ररी लोड झाली नाही. सांगितलेलं मॉड्यूल सापडलं नाही.

सापडलं नाही?
अरे, ही काय फाईल. इथे. तुझ्या नाकासमोर.
मी बोट ठेवून दाखवलं, पडद्यावर ठसा उमटला.

सानेलीला वाटलं, बत्तीस-चौसष्टचा घोळ असेल,
बत्तीस बिटांच्या घरात
चौसष्टाचा पाहुणा मावायचा नाही.
तपासलं. दोघंही चौसष्टच.
मग वाटलं, आमच्या अक्षरांच्या डोक्यावर ती दोन टिंबं असतात,
ती त्याला वाचता येत नसतील.
फोल्डरच्या नावातली टिंबं पुसली.
नाव बोडकं दिसायला लागलं, एवढंच.
पुन्हा बसवलं. काढलं. पुन्हा बसवलं.
बंद करून चालू केलं, श्रद्धा नसतानाही
सगळे करतात तसं.

बुधवारी रात्री कळलं
की एरर खोटं बोलत नव्हती, अर्धंच बोलत होती.
फाईल होती.
पण आत पाऊल टाकताना ती दुसरीला हाक मारते,
दुसरी तिसरीला,
आणि तिसरीकडून ओ आली नाही
की नाव पहिलीचं जाहीर होतं.
जो दारात उभा, त्याच्यावरच आळ.

एक छोटं अवजार आहे, हाकांचा माग काढणारं.
कोण कुणाला कुठे शोधतंय ते ओळीने छापत जातं.
इथे पाहिलं, नाही. इथे पाहिलं, नाही. इथेही नाही.
कॉफी गार झाली.
चारशे बाराव्या ओळीत
मला एक माणूस भेटला:
वापरकर्ते, त्यात ऐमो, त्यात डेस्कटॉप, त्यात ‘तात्पुरतं’.

ऐमो काल्लिओकोस्की निवृत्त झाला त्याला सहा वर्षं झाली.
त्याचा पेला अजून फडताळात आहे, सपाता रेडिएटरजवळ;
पण नव्या संगणकावर त्याचं खातं
कोण कशाला उघडेल?
आणि हा हात रोज सकाळी
पहिली फळी उचलण्याआधी
त्याच्या घरी जाऊन येत होता.
सहा वर्षं. आम्हाला पत्ताही नव्हता.

फोन केला. तो बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसला होता.
म्हणाला, हां, ते. त्या दुपारपुरतं ठेवलं होतं.
नंतर बराच वेळ काही नाही, नुसता वारा.
आमच्याकडे यालाही बोलणंच म्हणतात.
मग विचारलं: मनगट अजून जरा खाली झुकतं का?
म्हटलं, झुकतं. दुरुस्त करायचंय.
म्हणाला, नको. मीच शिकवलंय त्याला तसं.
ओली फळी जड असते.

जुनी डिस्क अडगळीत सापडली, सानेलीच्या स्केट्सखाली.
तिसरी फाईल काढली, योग्य जागी ठेवली,
जिथे कुणाचंच नाव नाही अशा जागी, नियमाप्रमाणे.
बाण सांधला गेला.
हात उठला, पुढे आला,
मनगटात किंचित वाकला.

खाली फळी ठेवायचं आम्ही विसरलो होतो.
सानेली आणायला धावली, ओलीच आण म्हटलं मी,
आणि तोवर तो तसाच,
वाकून.