पेन्सिलीला दोन रुपये दंड

घोडपदेवला, पिठाच्या गिरणीशेजारी
माझं वाचनालय आहे.
वहीत सभासद दोनशे, त्यातले हयात एकशे दहा,
पुस्तक वेळेवर परत करणारे त्याहून कमी.

भिंतीवर पाटी: पुस्तकात लिहू नये.
पेन्सिलीला दोन रुपये दंड, शाईला दहा.
लोक दंड भरतात आणि लिहितात.

सोमवारी दुकान बंद.
आतून कडी लावून मी खोडरबर घेऊन बसतो.
खुनाच्या गोष्टीत, पान तीनवरच: "मेहुण्यानं केलाय."
खाली दुसऱ्याच अक्षरात: "तुझं वाटोळं होवो."
प्रेमकथेच्या शेवटी:
"इतकं रडायला हिला ऑफिसातून रजा कुणी दिली?"
एका थोर आत्मचरित्रावर:
"दीडशे पानांत बायकोचं नाव एकदाही नाही. मोजलं."

मी खोडतो. मतांचा काळपट भुगा
टेबलावरून फुंकतो.
तो गिरणीच्या पिठात मिसळत असावा.
गल्लीतली पोरं बोलायला उगाच तिखट नाहीत.

मुरारी कोयंडे पुस्तक नेत नाहीत, पेपर वाचायला येतात.
तीस वर्षं थिएटरच्या दारात टॉर्च घेऊन उभे होते,
पडद्याकडे पाठ, लोकांकडे तोंड.
एकही सिनेमा धड पाहिला नाही, पण मत विचारा.
"रडायच्या सीनला माणसं खिशात हात घालतात.
रुमालासाठी घातला तर पंचवीस आठवडे.
स्कूटरच्या किल्लीसाठी घातला
तर शुक्रवारी नवीन पोस्टर."

तरन्नुम मुकादम, वय अकरा,
आईची मासिकं बदलायला येते
आणि पायरीवर बसून मोबाईलवर गेम खेळते.
कसा आहे गं, विचारलं.
"भारी आहे काका. पण त्यातली माणसं
फक्त माझ्याशीच बोलतात.
मी गेले की एकमेकांशी काहीच बोलत नाहीत.
मी भिंतीमागं लपून पाहिलं."
मग म्हणाली, "आणि डोंगराच्या पलीकडं काही नाही.
नुसतं रंगवलंय."
हे मी कागदावर लिहून गल्ल्यात ठेवलंय.
का, ते ठाऊक नाही.

आता खरं सांगायचं ते.
कपाट चार, अगदी खालचा खण,
जिथं गुडघे दुखणारे वाकत नाहीत,
तिथं एक कादंबरी माझी आहे. टोपणनावानं.
एकोणनव्वद साली, पदरच्या पैशानं, तीनशे प्रती.
दोनशे साठ अजून माळ्यावर.
आजवर नऊ जणांनी नेली.
त्यातल्या कुणीतरी अठ्ठाविसाव्या पानावर
"तिनं भरभर भाकऱ्या लाटल्या" या ओळीखाली रेघ मारून
समासात लिहिलंय:
"भाकरी थापतात, लेखकमहाशय.
सासू मात्र बरी जमलीय."

कोण ते मी शोधलं नाही.
शोधलं. नऊ सह्या ताडून पाहिल्या, अक्षर एकाचंही जुळेना.

त्या रात्री जेवायला बसलो.
आतून आवाज येत होता, थप थप थप,
मधे बांगड्यांचा, मग तव्याचा.
एकोणनव्वद सालीही हाच आवाज
याच दारातून येत होता,
आणि मी बाहेरच्या खोलीत लिहीत होतो, लाटल्या.
जरा हळू कर गं, असं म्हणालोही असेन.
म्हणालोच असेन.

पुढच्या सोमवारी खोडरबर हातात घेतला.
पेन्सिलीचं ते वाक्य तसंच ठेवलं.
छापलेलं रबरानं जात नाही,
म्हणून शाईनं काट मारली,
वर लिहिलं: थापल्या.

मग दंडाची पावती फाडली.
रुपये दहा, शाईबद्दल.
नावाच्या रकान्यापाशी थोडा थांबलो,
आणि खरं नाव लिहिलं.