नव्वद दिवस फुकट

पर्वरीच्या शोरूममध्ये लोरेट नावाच्या मुलीनं
स्क्रीनवर बोट ठेवून सांगितलं, काका,
हायवेला लागलात की हे दाबायचं
आणि हात सोडून द्यायचे.
सोडून कुठं ठेवायचे, मी विचारलं.
ती हसली. मी खरंच विचारत होतो.

सव्वीस वर्षं टिपर हाकला मी,
पाळीच्या खाणीवरून आमोण्याच्या धक्क्यापर्यंत.
तांबडी धूळ नखांत अशी मुरलेली
की खाणी बंद पडून इतकी वर्षं झाली तरी
पिठाच्या डब्यात हात घातला
की कुमुदिनी ओरडते, आधी धू.
या हातांना दुसरं काही शिकवलंच नव्हतं.

गाडी रोहिदासनं घेऊन दिली, शारजातून.
बाबा, आता तुम्ही नुसतं बसायचं.

पहिल्यांदा दाबलं ते बांबोळीच्या उतारावर.
हिरवा दिवा लागला आणि स्टिअरिंग आपोआप वळलं,
न दिसणारा कुणी क्लीनर
मला न विचारता सीटवर बसल्यासारखं.
माझे हात मांडीवर पडून राहिले,
लग्नाच्या पंगतीत शेजारी बसवलेल्या
दोन अनोळखी पाहुण्यांसारखे.

मग झुआरीचा पूल आला.
कुमुदिनीला उंचीची भीती.
दर शुक्रवारी मडगावला लेकीकडे जाताना
ती इथं डोळे मिटते, शांतादुर्गेला हाक मारते
आणि पदराचं टोक पिळत बसते.
त्या दिवशी मी पदर सोडवला
आणि तिचा हात धरला.

बघता मात्र येत नव्हतं तिच्याकडे.
आरशाखाली एक कॅमेरा आहे,
नजर रस्त्यावरून ढळली की किंचाळतो.
म्हणून मी न बघता तिचा हात वाचला:
सैल झालेली अंगठी,
आदोळीनं कापलेल्या बोटावरचा वण,
अंगठ्याच्या मुळाशी एक गाठ.
ही कधी आली? विचारलं.
झाली चार वर्षं, ती म्हणाली.

असे तेरा शुक्रवार.

एक्याण्णवाव्या दिवशी, आगशीजवळ,
हिरवा दिवा विझला.
बाईच्या गोड आवाजात गाडी म्हणाली,
आपली मुदत संपली आहे, कृपया स्टिअरिंग धरा.
महिन्याला दोन हजार एकशे नव्याण्णव.
वर्षाचे एकदम भरलेत, काका,
तर दोन महिने सोडतात, लोरेट फोनवर म्हणाली.
तिचा काय दोष. तिलाही टार्गेट असणार.

पण मी म्हटलं, बाये,
गाडी माझी. कॅमेरे माझे, तारा माझ्या,
त्यांचे पैसे पोरानं आधीच मोजलेत.
म्हणजे माझ्याच बॉनेटखाली
तुम्ही काहीतरी कुलपात ठेवलंय
आणि किल्ली भाड्यानं देताय.
आमच्या डोंगराचंही असंच होतं.
डोंगर गावचा, लीज भलत्याचीच.
मी तर पगारी माणूस, नुसता वाहून नेत होतो.
ती गप्प झाली. मग म्हणाली,
काका, डोंगराचं मला माहीत नाही.

पूल आला. दोन्ही हात स्टिअरिंगवर.
टिपरला निदान गिअर तरी होता.
लग्नानंतर एकदाच तिला केबिनमध्ये बसवून
शिरगावच्या जत्रेला नेलं होतं,
तेव्हा गिअरवरच्या माझ्या हातावर
तिनं हात ठेवला होता, दर चढाला.
या गाडीला गिअरही नाही.

कुमुदिनीनं डोळे मिटले.
पदर चाचपला, सोडला,
आणि माझं डावं कोपर धरलं.
खाली नदीत एक बार्ज उभी होती, रिकामी,
म्हणजे असावी. मी समोर बघत होतो.

परवा तिला विचारलं, भरू का पैसे?
कोपर दुखतं का? तिनं विचारलं.
नाही.
मग?

दर शुक्रवारी आगशीला स्क्रीन पुन्हा विचारते.
खाली दोनच बटणं, आता आणि नंतर.
नको असं बटण त्यांनी ठेवलेलं नाही.
मी नंतर दाबतो.
डाव्या कोपराशी बांगड्या वाजतात.