अर्धा इंच माया

पहिला झगा शिवला तेव्हा तेरा वर्षांची होते.
दोन्ही बाह्या डाव्या झाल्या.
आई म्हणाली, "माणसाला दोन हात असत्यात गं,
पर दोन्ही डावं नसत्यात."
मी तोच घालून शाळेत गेले.
उजवा खांदा दिवसभर मागं ओढत राहिला,
कुणीतरी मागून हाक मारावी तसा.

कापड वडिलांनी मिलमधून आणलेलं,
विणीत चूक, म्हणून स्वस्तातलं.
ते बोट ठेवून दाखवायचे, "हितं माझा धागा तुटला."
ती जागा मी खिशात घेतली, आतल्या बाजूला.
पोरीच्या झग्याला खिसा कशाला, असं वर्गात विचारलं गेलं.
हात घालून दाखवला:
दोन चिंचा, खडूचा तुकडा,
तिसरी वस्तू दाखवली नाही.

शिवणाच्या तासाला रणभिसे बाई बाकांमधून फिरायच्या,
गळ्यात टेप, ओठांत टाचण्या,
टाचण्यांमधूनच बोलायच्या:
"अर्धा इंच माया सोडा गं आत.
अंग बदलतं."
मी पाऊण सोडायचे.
बाई पट्टी लावून बघायच्या आणि काही म्हणायच्या नाहीत.

मग वीज मंडळाच्या खिडकीत एकतीस वर्षं.
रद्द पावत्यांच्या पाठीवर गळे काढले,
पानगळा, चौकोनी, मागं गाठ मारायचा.
रांगेतली बाई पैसे मोजेपर्यंत
तिचा मुंढा कुठं काचतोय ते दिसायचं.
सांगायचे नाही.
एकदाच सांगितलं,
तर दुसऱ्या दिवशी ती बिलासोबत ब्लाउजच घेऊन आली.

रविवारी केएमटीनं गांधीनगर.
तोलाराम शेठ कटपीसचा गठ्ठा पुढं ढकलून
पेपर उघडायचे.
मला नको म्हणायलाही तास लागतो, हे त्यांना ठाऊक.
कापड गालाला लावते,
मुठीत चुरगाळते, सोडते,
ते चुरगाळणं किती वेळात विसरतं ते बघते.
पटकन विसरणारं मी कधी घेतलं नाही.

"एवढं शिवतेस तर दुकान काढ की," हे म्हणायचे.
मला उत्तर सुचायचं नाही.
पंचगंगेत रोज पोहणाऱ्याला
कुणी पाणी विकायला सांगतं का?
पण हे भाजी चिरताना सुचलं,
आणि तोवर हे झोपले होते.

साठी उलटली आणि खांदा आखडला,
तोच, उजवा.
हात डोक्याच्या वर जाईना.
कपाट उघडून उभी राहिले:
एकूण एक कुर्ता डोक्यातून घालायचा.
रडण्यात एक दुपार गेली, खोटं कशाला सांगू.
दुसऱ्या दिवशी ब्लेड घेतलं,
चौदा कुर्ते पुढून उभे चिरले,
पट्ट्या लावल्या, काजं केली,
बटणं आईच्या डब्यातली, कुठलीच दोन सारखी नाहीत.
पट्ट्यांना कापड पुरेना
म्हणून कडेच्या शिवणी उसवल्या
आणि आतली माया बाहेर आली.
विटलेल्या निळ्याच्या आत
घेतला त्या दिवशीचा निळा,
ऊन न लागलेला, साबण न लागलेला,
पाऊण इंच रुंद.
बघत बसले.
दूध उतू गेलं, खालच्या इंगवल्यांच्या सूनबाई वास आला म्हणून वर आल्या.

उद्यमनगरातला इलाही मशीनला तेल द्यायला येतो.
"काकी, तयार कपडं काय स्वस्त झाल्यात आता!
हे म्हातारं भंगारात घालूया."
"पट्टा सैल झालाय, तो बघ," मी म्हणते.
तो हसतो, पट्टा बघतो,
जाताना बायकोच्या मापाचा कागद हळूच ठेवून जातो.

चार दिवस झाले, जांभळ्या रंगाचं सुती
फरशीवर पसरलंय.
मी त्याला वळसा घालून स्वयंपाकघरात जाते.
उरेब कापायचंय, कापड थोडं कमी आहे,
एक चूक आणि सगळं वाया.
कात्रीला धार लावून आणली आहे.
उजव्या बाहीला यंदा इंचभर जास्त, मुद्दाम.
खिसे दोन.
गळ्याचं अजून ठरत नाही.