हातचा

शारजाच्या हराजमध्ये, भर दुपारी,
गुल जमाननं रंगाची जाडी मोजायचं यंत्र
एकेका दारावर टेकवलं.
मागच्या डाव्या दारापाशी आकडा उडाला.
"पुट्टी," म्हणाला. कधी ठोकली, ते विचारलं नाही.

एकोणतीस हजार दिरहम.
बँकेचे अजून एकेचाळीस हजार तीनशे.

चौथीत पाटणकर बाई सांगायच्या,
हातचा डोक्यावर लिही, बारीक अक्षरात.
मी विसरायचो, उत्तर चुकायचं.
इथे विसरायची सोय नाही:
बारा हजार तीनशे, नव्या गाडीच्या डोक्यावर,
टाइप केलेले, शिक्क्यासकट.

गाडी लहान घेतली. पगार कापल्यापासून तेच ठरलं होतं.
कर्ज मात्र मोठं झालं.
"हप्ता तेवढाच," टेबलापलीकडचा पोरगा म्हणाला,
"फक्त महिने वाढले."
जसे काही महिने आमच्या परसात पिकतात.

वृंदा जुन्या गाडीचा कप्पा रिकामा करत होती:
पार्किंगच्या पावत्या, मऊ पडलेली आवळा सुपारी,
पेट्रोलपंपावर फुकट मिळालेला टिश्यूचा डबा.
चार वर्षांपूर्वी स्टिअरिंगला हळद-कुंकू लावलं होतं.
ते कधी पुसलं गेलं,
दोघांनाही आठवेना.

निघालो. पहिल्याच सिग्नलला
मागून कुणीतरी काचेवर थाप मारली.
धापा टाकत गुल जमान,
हातात इराची एका पायाची सँडल.
"हे राहिलं तुमचं."

घेतली. मागच्या सीटवर ठेवायला वळलो,
तर तिथे जुनी गाडी आधीच बसलेली,
पट्टा लावून, गप्प.