नो-गो

लॅपटॉपच्या डाव्या हाताला
एक पोलादी दांडू ठेवलाय, वीतभर.
एका टोकाला हिरवा पट्टा, दुसऱ्याला लाल.
ऋजुता विचारते, पेपरवेट आहे का बाबा?
मी हो म्हणतो.

भोसरीच्या कारखान्यात एकवीस वर्षं हेच केलं.
भोकात हिरवं टोक गेलं पाहिजे,
लाल टोक जाता कामा नये.
गेलं, तर माल लाल पेटीत.
खंडागळे मामा सांगायचे,
पेटीत टाकताना त्याच्याकडं बघायचं नाही.
बघितलं की माया सुटते,
माया सुटली की हात म्हणतो,
चालून जाईल.

कारखाना गेला. हातात उरले
थोडे पैसे आणि मोकळ्या सकाळी.
धनकवडीच्या तिसऱ्या मजल्यावर
सव्वानऊला काहीच वाजत नाही,
माझ्या कानात वाजतो
पहिल्या पाळीचा भोंगा.

मग तो मंगळवार.
पहिला सौदा अडीच हजारांनी चुकला.
ठरलं होतं, इथं बाहेर पडायचं.
मी आकड्याकडं बघत बसलो.
नकोशा पाहुण्याला
बसा की अजून जरा, म्हणत पाट सरकवावा
तसा स्टॉपलॉस खाली सरकवला.
मग दुप्पट. मग चौपट.
बाजाराशी माझं कडाक्याचं भांडण लागलं होतं
आणि बाजाराला पत्ताही नव्हता.
पावणेदोनला ऋजुताच्या फीचा दुसरा हप्ता
एका उभ्या लाल मेणबत्तीत गेला.
बाथरूमचा नळ सोडून बसलो.
वैजयंता दाराबाहेरून एवढंच म्हणाली,
पाणी वाया जातंय हो.

त्या रात्री माळ्यावरून डबा काढला.
तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळलेला गेज,
गंजाचा ठिपका नाही.
कारखान्यानं परत मागितला नव्हता,
मीही दिला नव्हता.

आता शंभर पानी वही आहे.
सौद्याआधी लिहायचं: का, किती,
आणि कुठं पोचलं की चुकलो म्हणायचं.
लिहिताना अक्षर वाकडं आलं
तर त्या दिवशी बटणाला हात लावायचा नाही.
(पहिल्या महिन्यात सतरा दिवस वाकडं.)
दोन तोटे झाले की झाकण मिटायचं,
मोबाईल घरी, चपला पायात, तळजाई.
जे गाव एक ते चार दुकान बंद ठेवायला लाजत नाही
त्या गावात राहून
मला साडेदहाला शटर ओढायला शिकायला
सहा वर्षं लागली.

राग जात नाही.
जातो असं कुणी सांगत असेल
तर त्याचा क्लास असणार, आणि क्लासची फी.
माझा तर टेकडीवर माझ्याबरोबर येतो.
चढाला माझ्यापुढं, धापा टाकत,
मोर ओरडतात तिथं बरोबरीनं,
उतरताना जरा मागं,
चपलेत खडा गेल्यासारखा.

आज सकाळी सगळं जुळत होतं.
एक अट तेवढी नव्हती. केसाएवढी.
चालून गेली असती.
गेज हातात घेतला. गार.
लाल टोक अंगठ्याखाली.
नाही घेतला सौदा.

आणि बाजार गेला की हो,
मी म्हटलं होतं तिथंच, सुतात,
एकदाही मागं वळून न बघता.
वैजयंता म्हणाली, पोहे गार होतायत.
मी खाल्ले. लिंबू पिळायचं राहिलं
हे बशी संपल्यावर कळलं.

मामा, याची पेटी कुठली?
मापात नव्हता,
पण गाडीत बसवला असता
तर लाख किलोमीटर चालला असता,
असा माल कुठं टाकायचा?
तुम्ही असता तर म्हणाला असता,
पुढचा घे.

साडेतीनला वही उघडली.
सौदे: शून्य.
चुका: शून्य.
चुटपुट:
इथं पेन थांबलं. आकडा सुचेना.
अक्षर मात्र बरं आलंय,
दुसरा ट तेवढा जरा कललाय.