दुसऱ्या अंकात तो थांबतो

वेणू आता बेचाळीस वर्षांचा आहे.
पोट सुटलंय, चष्मा लागलाय.
पडदा वर गेला तेव्हा
तो नदीकाठच्या जकातनाक्यावर पावत्या फाडत बसला होता
आणि माझ्या मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं,
‘हा? हा वेणू?’

हाच. ह्याच्यासाठी आम्ही
मांडवीजवळच्या ग्रंथालयात काचेच्या तक्तपोशीखाली उभं राहून
वरच्या मजल्यावर हिंडणाऱ्यांचे तळवे बघत
सातवा भाग परत येण्याची वाट पाहिली होती.
रजिस्टरात माझ्या आधी शितोळेचं नाव,
शितोळेच्या आधी दिघे.
दिघेनं चौऱ्याऐंशीव्या पानावर जांभळाचा डाग पाडलेला,
नेमका तिथे, जिथे टिटंबा मरतो.
मला कॉलेज संपेपर्यंत वाटायचं
तो डाग सगळ्या प्रतींत छापलेला असतो.

नाटक सुटल्यावर
नगरगृहाबाहेर सेव-उसळच्या लारीला
आम्ही वेढा घातला. रात्रीचे साडेअकरा.
दिघे म्हणाला, टिटंबा छत्रीचा केला. छत्रीचा!
काड्या दिसत होत्या.
पुस्तकात पंख शेवाळी आहेत, तिसरा भाग, सुरुवातीलाच.
उत्तरा पागे खास सुरतेहून आलेली.
तिला एवढंच हवं होतं की
नदीशी झालेला करार मोडायची परवानगी दिली कुणी?
लेखिका तर जाऊन अकरा वर्षं झाली.
हे भाच्यानं लिहिलंय.
‘भाच्याला घर मिळतं, दागिने मिळतात,’ उत्तरा म्हणाली,
‘नदी कशी मिळते?’
लारीवाला कांदा चिरता चिरता ऐकत होता.
त्याला वाटलं, जमिनीची केस आहे.
शितोळे काही बोलली नाही. तिनं तर्री वाढवून घेतली.

एकानं तर जाहीरच केलं:
माझ्यापुरते भाग सात.
आठवा नाही. हे नाटक झालंच नाही.
तिकीट मात्र त्याच्या वरच्या खिशात होतं,
कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घातलेलं.

भांडण खरं पेटलं ते दुसऱ्या अंकावरून.
बंद नदीसमोर वेणू उभा राहतो,
हात वर करतो,
आणि थांबतो.
शब्द आठवत नाही.
शब्द, म्हणजे तो. इथे लिहीत नाही,
वाचलंय त्यांना माहीत आहे.

थांबला.
पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला.
विंगेत कुणीतरी कागद उलटला.
त्यानं चष्मा काढून आमच्याकडे पाहिलं,
स्वयंपाकघरात येऊन
कशाला आलो ते विसरलेल्या माणसासारखं.

मग अंधारातून शब्द आला.
आधी एका बाईचा आवाज,
मग तीनचार, मग अख्खी बाल्कनी,
बँकेतले, फार्मा कंपन्यांतले,
साखरेच्या गोळ्या पर्समध्ये ठेवणारे,
सगळे एका दमात, तेराव्या वर्षीच्या गळ्यानं.
नदी उघडली.
(निळं कापड होतं. दोन पोरं ओढत होती.
एकाच्या पायात पांढरे मोजे.)

तर नट विसरला, की तसं लिहिलंच होतं?
विसरला, दिघे म्हणाला, घाम नाही बघितलास?
लिहिलेलं, उत्तरा म्हणाली, दिवा आधीच आपल्यावर वळला होता.
भाच्याची लबाडी.
नाही, नटाची फजिती.
शेवटी ठरलं, उद्याचा प्रयोग बघायचा,
उद्याही थांबला तर लिहिलेलं.
खिडकी अजून उघडी आहे का बघायला
तोच धावला, ज्याच्यापुरतं नाटक झालंच नव्हतं.

मी कुणालाच सांगितलं नाही
की पहिला आवाज शितोळेचा होता.
माझ्या शेजारीच बसली होती ती.
हळू म्हणाली, जराशी चिडून,
पोराचा पाढा अडला की म्हणतो तसं.
आता पावाच्या तुकड्यानं वाटी पुसत होती,
कुणाकडे न बघता.
मी फार तर दुसरी असेन.
रजिस्टरातही तसंच आहे.